चायना ग्रास : गवत नव्हे, समुद्राचे पीक

मागील अंकात या सदरात आपण हिंगाची डबी उघडून पाहिली होती. या वेळी वाणसामानाच्या कपाटातील आणखी एक वस्तू घेतली आहे. तिला वास नाही, चव नाही आणि रंगही जवळपास नाही. सुरकुतलेल्या, पारदर्शक, हातात घेतल्यास वजनच न लागणाऱ्या त्या पट्ट्या आपण चायना ग्रास म्हणून ओळखतो. दुधाच्या वड्या, फळांचे पुडिंग, लहानग्यांच्या वाढदिवसाची रंगीत जेली या सर्वांत ती असते. प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून निघणारे जिलेटिन आपल्या घरांत चालत नाही, म्हणून तिचा आधार आपल्याला अधिकच वाटतो.

या विषयाकडे वळण्यास माझी स्वतःची एक चूक कारणीभूत आहे. ती आधी सांगते.

लग्न होऊन बार्शीला आले तेव्हा आमच्या किराणा-सुकामेव्याच्या दुकानात दुपारच्या वेळी गल्ल्यावर बसण्याचे काम माझ्याकडे आले. सासरे जेवून वामकुक्षी घेत, तेवढे दोन तास. एके दिवशी आमच्याच पेठेतील एक वृद्ध श्राविका आल्या. सारी पेठ त्यांना मोठ्या बाई म्हणे. नातवासाठी काही गोड करावयाचे होते. चायना ग्रासचे पाकीट हातात घेऊन त्यांनी विचारले, "बेटा, हे नक्की कशाचं असतं गं?"

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "गवताचंच ते, बाई. नावातच ग्रास आहे ना."

बाईंनी मान हलविली, पैसे दिले आणि पाकीट घेऊन गेल्या. पुढे तीन-चार वर्षांनी धाकट्या नणंदेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मी वाचले की ‘अगर’ हा पदार्थ लाल समुद्रशैवालापासून काढतात आणि बाजारातील चायना ग्रास म्हणजे अगरच. पुस्तक मिटले, पण बाईंचा प्रश्न काही मिटला नाही. त्यांचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगेन. आधी ही वस्तू नीट पाहू.

मूळ नाही, पान नाही, फूल नाही

शेवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विहिरीच्या कठड्यावरील हिरवा, निसरडा थर येतो. समुद्रातील शैवाल त्याच मोठ्या कुळातील. पण त्याचा विस्तार फार निराळा आहे. कित्येक जाती हातभर झुडपासारख्या वाढतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यात केल्प नावाचे तपकिरी शैवाल चाळीस मीटरांहून अधिक उंच होते आणि अनुकूल दिवसांत ते एका दिवसात अर्धा मीटरपर्यंत वाढू शकते. पाण्याखाली अक्षरशः अरण्ये उभी राहतात आणि त्यांत मासे, खेकडे, गोगलगायी, सील यांचा संसार चालतो.

झाडासारखे दिसणारे हे जीव झाडाप्रमाणे जगत नाहीत. खडकाला धरून ठेवणारी त्यांची पकड मुळासारखी दिसते, पण ती अन्न शोषून घेत नाही, केवळ घट्ट धरून ठेवते. पाणी आणि क्षार सर्वांगानेच घेतले जातात. पानासारखे पाते असते, पण त्यात खऱ्या पानासारख्या शिरा नसतात. फूल, फळ, बी यांपैकी काहीही नाही. सूक्ष्म बीजाणू पाण्यात सुटतात आणि जिथे टेकावयास जागा मिळेल तिथे नवे शैवाल उगवते.

शास्त्रज्ञ समुद्रशैवालाचे तीन मोठे गट करतात : हिरवे, तपकिरी आणि लाल. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याचे काम तिघेही करतात. पण त्यांची रंगद्रव्ये वेगवेगळी आहेत. पाण्यात खोल जाताना तांबडा प्रकाश लवकर नाहीसा होतो, निळा-हिरवा दूरवर पोहोचतो. लाल शैवालातील रंगद्रव्य नेमका हाच उरलेला प्रकाश टिपते. बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर, जिथे मनुष्याच्या डोळ्याला जवळपास काळोखच वाटेल तिथे, खडकाला चिकटलेले लाल शैवाल जिवंत आढळले आहे. लाल गटात सुमारे सात हजार जाती आहेत आणि आपल्या चायना ग्रासचा उगम याच गटात आहे.

आपल्या कोकणातही खडकाळ किनारा असेल तिथे ही सृष्टी पाहावयास मिळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात समुद्र जितका वर चढतो, तितकाच ओहोटीला दूर सरतो. त्या वेळी मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकांवर उतरावे. भरती-ओहोटीमधल्या त्या पट्ट्यातील जिणे कठीण आहे. सहा तास पाण्याखाली, मग उन्हात वाळणे, वरून लाटांचे तडाखे. तरीही हिरवी पोपटी पाती, सरगॅसमची हवेच्या बारीक फुग्यांनी लगडलेली तपकिरी झुडपे आणि दोऱ्यांसारखी लाल शैवाले तिथे दाटीने नांदतात. त्यांच्या आडोशाने असंख्य लहान जीव राहतात, ही गोष्ट आपण पुढच्यासाठी ध्यानात ठेवू.

थंडीतील एक रात्र आणि प्रयोगशाळेतील एक गृहिणी

शैवाल उकळून थंड केल्यास त्याची लापशी थिजते, हे जपानमध्ये फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु ती वाळवून टिकविण्याची युक्ती सतराव्या शतकात सापडली. तेथील आख्यायिका अशी की क्योतोजवळच्या फुशिमी येथील मिनोया नावाच्या खाणावळवाल्याने उरलेली लापशी हिवाळ्यातील एका रात्री बाहेर टाकून दिली. रात्री ती गोठली, दिवसा उन्हाने वितळून तिच्यातील पाणी निथळले आणि काही दिवसांनी तिथे उरले ते कोरडे, हलके, पांढरट द्रव्य. पुन्हा पाण्यात उकळले तर ते पूर्वीपेक्षा स्वच्छ थिजले.

ती कहाणी किती खरी ते असो, तिच्यातील रीत मात्र खरी आहे. गोठताना पाण्याचे स्फटिक वेगळे होतात आणि वितळताना ते पाणी क्षार व गाळ घेऊन निघून जाते. जपानच्या नागानो प्रांतात आजही कडाक्याच्या थंडीत शेतांत मांडव घालून ही द्रव्ये रात्री गोठवितात आणि दिवसा वाळवितात. कारखान्यांतील पद्धतही मूलतः हीच आहे : शैवाल धुणे, भिजविणे, उकळणे, गाळणे, थिजविणे, गोठविणे, वितळविणे आणि वाळविणे. ‘अगर’ हा शब्द मात्र मलाय भाषेतून आला आहे.

या पट्टीने वैद्यकशास्त्रावर केलेले उपकार फारसे कुणाला ठाऊक नसतात. १८८१ साली बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर हवेतील जंतूंचा अभ्यास करीत होते. जंतू वाढविण्यासाठी त्या काळी जिलेटिन वापरीत. उन्हाळा आला की ते वितळे; शिवाय काही जंतू जिलेटिनच खाऊन त्याचे पाणी करीत. हेसे यांच्या पत्नी फॅनी त्यांना कामात साहाय्य करीत, निरीक्षणांची चित्रे काढीत. घरची जेली उन्हाळ्यातही घट्ट कशी राहते, असे पतीने विचारता त्यांनी सांगितले की ती अगरची असते. जावात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांच्या घरात ही रीत आली होती. अगर थिजते साधारण ३५ ते ४० अंशांवर. पण एकदा थिजल्यावर सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. जंतू वाढविण्यास शरीराइतकी ऊब लागते, तेवढ्या उबेत ते घट्टच राहते. १८८२च्या मार्चमध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला, तेव्हा अगरचा उल्लेख एका ओळीपुरता आला. फॅनी हेसे यांचे नाव त्यात नव्हते. आज आपल्या गावातील पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत लघवीची किंवा थुंकीची जंतुतपासणी होते, ती बहुधा अगरच्याच थरावर होते.

आणखी एका स्त्रीची कथा याच ओघात सांगावीशी वाटते. जपानी लोक नोरी नावाच्या शैवालाचे कागदासारखे पापुद्रे खातात. त्याचे पीक कधी येई, कधी मुळीच येत नसे. कारण उन्हाळ्यात हे शैवाल कुठे नाहीसे होते तेच कुणाला कळत नव्हते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील शास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर यांना विवाहानंतर विद्यापीठातील अध्यापनाची नोकरी गमवावी लागली. तरी वेतनाविना त्यांचे संशोधन चालू राहिले. १९४९ साली त्यांनी दाखवून दिले की शिंपल्यांच्या कवचात राहणारे, वेगळीच जात समजले गेलेले गुलाबी धागे म्हणजे या शैवालाचीच दुसरी अवस्था होय. त्या ज्ञानावर जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बीजाणू वाढवून नोरीची शेती उभी केली. ड्रू-बेकर १९५७ साली निवर्तल्या, जपान त्यांनी कधी पाहिला नाही. परंतु कुमामोतो प्रांतातील उतो येथे १९६३ साली त्यांचे स्मारक उभारले गेले आणि दरवर्षी १४ एप्रिलला तेथील लोक तिथे जमून कृतज्ञता व्यक्त करतात.

आपल्या घरात शैवाल कुठे कुठे

चायना ग्रास घरात आणत नाही, म्हणून आपल्या घरात शैवाल नाही, असे समजण्याचे कारण नाही. पाकिटावरील बारीक अक्षरांकडे पाहावे. ४०६ म्हणजे अगर. ४०७ म्हणजे कॅरागीनन. हेही लाल शैवालापासूनच निघते आणि आइस्क्रीम, चॉकलेटचे दूध, टूथपेस्ट यांना दाटपणा देते. ४०१ म्हणजे सोडियम अल्जिनेट, तपकिरी शैवालाचे द्रव्य. दाताच्या दवाखान्यात कवळीचे माप घेण्यासाठी जो गुलाबी लगदा तोंडात भरतात, तोही बहुधा अल्जिनेटचाच.

कापडाचा व्यापार करणाऱ्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंगांची छपाई करताना रंग पसरू नये म्हणून त्यात घट्टपणा आणणारी खळ लागते. साधी पिठाची खळ वापरली तर रंग कापडाऐवजी खळीलाच धरतो. अल्जिनेटची रंगाशी अशी गाठ पडत नाही आणि धुतल्यावर ते निघून जाते. आपल्या गादीवर उलगडल्या जाणाऱ्या कित्येक छापील थानांच्या मागे अशा रीतीने समुद्र उभा असतो.

आयोडीनची पहिली ओळखही शैवालानेच करून दिली. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हे बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवीत असता शैवालाच्या राखेवर तीव्र आम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ उठली. तेच आयोडीन. १९०८ साली तोक्यो येथे किकुनाए इकेदा यांनी कोंबू या शैवालाच्या कढणातून ज्या चवीचे द्रव्य वेगळे केले, तेच पुढे अजिनोमोटो म्हणून जगभर गेले. आता ते शैवालापासून करीत नाहीत, आंबविण्याच्या क्रियेने करतात. शेतीचा व्यवसाय असणाऱ्यांनी शैवालाच्या अर्काची द्रवखते पाहिलीच असतील. इफ्कोचे ‘सागरिका’ हे त्यांपैकीच एक.

जगाचा हा व्यापार किरकोळ नाही. २०१९ साली ओल्या वजनाने सुमारे साडेतीन कोटी टन शैवाल निघाले. त्यांतील शेकडा पंचाण्णवांहून अधिक समुद्रात लागवड करून घेतलेले होते आणि निम्म्याहून अधिक एकट्या चीनमधले.

मन्नारच्या आखातात

आता आपल्या देशाकडे येऊ. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, रामेश्वरमला जाताना पांबनचा पूल लागतो. त्याच्या अवतीभोवतीची मंडपम, पांबन ही गावे शैवाल गोळा करणाऱ्यांची. हे काम मुख्यतः स्त्रियांचे आहे. तमिळमध्ये शैवालाला ‘पासी’ म्हणतात आणि त्यांची नावे थेट घरगुती आहेत. अगर देणारे जेलिडिएला हे शैवाल म्हणजे ‘मरिकोळुंदु पासी’. मरिकोळुंदु म्हणजे आपला दवणा, कारण दिसावयास ते तसेच नाजूक. दुसरे एक ओबडधोबड तपकिरी शैवाल तर चक्क ‘पकोडा पासी’ म्हणून ओळखले जाते.

पहाटे नावेतून बेटांच्या दिशेने जावयाचे, डोळ्यांवर चष्मा आणि बोटांना कापडाच्या चिंध्या बांधून पाण्यात उतरावयाचे, श्वास रोखून बुडी मारावयाची, खडकावरील शैवाल हाताने खुडून कमरेच्या जाळीत भरावयाचे आणि पुन्हा वर यावयाचे. असे कित्येक तास. धारदार प्रवाळांनी हात कापतात, पाय सोलतात. किनाऱ्यावर आल्यावर ते पसरून वाळवावयाचे. वाळले की भाराचे ओंजळभर होते. मग गावातील दलाल, पुढे मदुराई परिसरातील कारखाने, त्यानंतर घाऊक व्यापारी आणि अखेरीस कुणाच्या तरी दुकानातील फळी. आपल्या डब्यातील पट्टी नेमकी कोणत्या किनाऱ्यावरची, हे पाकिटावरून कळेलच असे नाही.

१९६०च्या दशकापासून येथील शैवाल कारखान्यांसाठी काढले जात आहे. माल मिळतो तोवर काढत राहावे, हा जगातील सर्वत्र आढळणारा न्याय येथेही चालला. लोखंडी खरवडण्यांनी खडक खरवडले जात. त्याने शैवालाची पकडच उखडून निघे आणि बाजूचे प्रवाळही दुखावे. हाताने वरचा भाग खुडला आणि बुडखा राहू दिला तर शैवाल त्यातून पुन्हा फुटते; बुडखाच गेला तर तो खडक दीर्घकाळ ओसाड राहतो. दरम्यान १९८६ साली येथील एकवीस बेटांचा परिसर सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बेटांवर या स्त्रिया जात, तिथे जाणे गुन्हा ठरू लागले. पोटाचा व्यवसाय आणि निसर्गाचे रक्षण हे समोरासमोर उभे राहिले.

या पेचातून वाट काढण्यात चिन्नपालम येथील लक्ष्मी मूर्ती या शैवाल गोळा करणाऱ्या स्त्रीचा मोठा वाटा होता. शाळेचे शिक्षण नाही, लहानपणापासून समुद्रात बुड्या मारण्याचेच काम. त्यांनी आपल्या सोबतिणींना संघटित केले आणि वनखात्याशी बोलणी केली. स्त्रियांनी स्वतःहून मर्यादा घालून घेतली : महिन्यातून बाराच दिवस शैवाल काढावयाचे, उरलेले दिवस समुद्राला विसावा. लोखंडी खरवडणी बाजूला ठेवून हातानेच खुडावयाचे. या कामासाठी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली अमेरिकेतील ‘सीकॉलॉजी’ या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

व्यापारी घरात वाढलेल्या मला ही मर्यादा फार मोलाची वाटते. हंगामात दुकान अर्धे दिवस बंद ठेवण्याचा विचार आपल्यापैकी कुणी करील काय? आणि या स्त्रियांच्या गाठीशी तर शिल्लक नव्हती, दुसरे दुकानही नव्हते. परिग्रहाचे परिमाण हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो, चोपडीत लिहून ठेवतो. तो शब्द ज्यांच्या कानावर कधी पडलाही नसेल, त्यांनी गरजेपोटी आणि समजुतीने तेच आचरिले.

लागवड हा दुसरा उपाय. बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या बांधून त्यांवर कप्पाफायकस हे कॅरागीनन देणारे शैवाल वाढवितात; सुमारे पंचेचाळीस दिवसांत पीक काढणीला येते. भावनगर येथील केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने या लागवडीची पद्धत बसविली आणि मंडपम भागातील बचतगटांच्या हजारो स्त्रियांना त्यातून उत्पन्न मिळाले. आता रामनाथपुरम जिल्ह्यात सुमारे १२७ कोटी रुपयांचे समुद्रशैवाल उद्यानही उभे राहत आहे. मात्र यालाही दुसरी बाजू आहे. हे शैवाल मूळचे येथील नव्हे. त्याचा तुटलेला तुकडाही नव्याने वाढतो. कुरुसडै बेटाजवळ ते जिवंत प्रवाळांवर पसरून त्यांना झाकून टाकीत असल्याचे २००८ साली अभ्यासकांनी नोंदविले. शिवाय पाणी फार तापले की ते मरते आणि सारा हंगाम जातो. समुद्रातील शेती म्हणून ती आपोआप निर्दोष ठरत नाही. कुठे, कोणते आणि किती, हे तिथेही विचारावेच लागते.

हिरवा ठिपका आणि त्यापलीकडे

आता आपल्या स्वयंपाकघरातील प्रश्न. चायना ग्रास शाकाहारी आहे, त्यावर हिरवा ठिपका असतो आणि तो योग्यच आहे. कारण त्यात प्राण्याच्या देहाचा अंश नाही. परंतु ठिपका एवढेच सांगतो. जैन घरातील प्रश्न त्यापुढे जातात. ‘जीवविचार’ या ग्रंथात आचार्य शांतिसूरींनी शेवाळाची गणना साधारण वनस्पतिकायात केली आहे. मग समुद्रातील लाल शैवाल त्याच गणनेत धरावयाचे काय? धरले तरी उकळून, गाळून, वाळवून निघालेल्या द्रव्याला तोच नियम लागू होतो काय? शिवाय शैवाल खुडताना त्याच्या आडोशाचे लहान जीव सोबत येतात, ही गोष्टही विचारात घ्यावी लागते. काही घरांत चायना ग्रास चालते, काही घरांत नाही, काही घरांत चातुर्मासात बंद असते. याचा निवाडा करण्याचा अधिकार या सदराला नाही. तो ज्याने त्याने आपल्या परंपरेनुसार आणि गुरुभगवंतांना विचारून करावा. मात्र विचारताना वस्तू काय आहे ते खरे सांगितले पाहिजे. ‘गवत आहे, चालेल का?’ असे विचारले तर उत्तर गवताविषयीचे मिळेल.

ज्यांच्याकडे चालते त्यांच्यासाठी दोन शब्द. दहा ग्रॅम पट्ट्या साधारण एक लिटर दुधाला पुरतात. त्या थंड पाण्यात अर्धा तास भिजवाव्या, मग थोड्या पाण्यात वेगळ्या उकळून पूर्ण विरघळू द्याव्या आणि गरम असतानाच गरम दुधात गाळून घालाव्या. थंड दुधात घातल्यास गाठी होतात. लिंबू-संत्र्याचा रस घालावयाचा असल्यास शेवटी, आच बंद केल्यावर घालावा. आंबटासह उकळल्यास अगरचा घट्टपणा कमी होतो. दुकानदारांनी पाकिटावर ‘समुद्रशैवालापासून’ एवढे दोन शब्द मराठीत छापून घेतले तर कुणाचाही तोटा होणार नाही.

आता मोठ्या बाईंविषयी. ते पुस्तक वाचल्यानंतर आठ दिवस मी टाळाटाळ केली. मग एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि सांगितले, "बाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. ते गवत नाही, समुद्रातलं शेवाळ असतं." मला वाटले होते की त्या रागावतील किंवा ‘जाऊ दे’ म्हणतील. त्या म्हणाल्या, "ठाऊक नव्हतं तर ठाऊक नाही म्हणायचं होतंस, बेटा. मी आणखी कुणाला विचारून घेतलं असतं."

पुढे गावात महाराजसाहेबांचा मुक्काम झाला तेव्हा त्यांनी विचारले असावे. काय उत्तर मिळाले ते त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. परंतु त्यानंतर त्यांच्या यादीत चायना ग्रास कधी आले नाही. बाई आता नाहीत. दुकानात आज माझी सून बसते. कुणी गिऱ्हाइकाने वस्तू हातात घेऊन ‘हे कशाचं?’ असे विचारले आणि तिला ठाऊक नसले, तर ती पाकीट खाली ठेवते आणि म्हणते, "थांबा, विचारून सांगते." एखादे वेळी गिऱ्हाईक थांबत नाही, निघून जाते. तेवढी विक्री गेल्याचे मी तिला कधी बोलून दाखविलेले नाही.